३९ चेंडूंतल्या ३१ धावा

वीस षटकांच्या सामन्यात फलंदाजाने किती धावा केल्या यापेक्षा त्या किती चेंडूंत केल्या याकडे प्रेक्षकाचे लक्ष आधी जाते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण प्रत्येक संघाच्या वाट्याला मोजून १२० चेंडू येत असल्याने वाया गेलेला एकेक चेंडू डोळ्यांत खुपतो. या हिशेबासाठी वापरला जाणारा आकडा म्हणजे स्ट्राइक रेट, म्हणजेच फलंदाज १०० चेंडूंमागे किती धावा काढतो याचे प्रमाण. आणि हे प्रमाण शंभराच्या बरेच पुढे असेल तरच खेळी चांगली, शंभराच्या खाली असेल तर ती संघाच्या मुळावर आलेली, असा एक समज आता रूढ झाला आहे. या मापाने पाहिले तर १७ मार्च २०२४ रोजी दिल्लीच्या अरुण जेटली मैदानावर झालेल्या महिला प्रीमियर लीगच्या अंतिम सामन्यातील सांगलीच्या स्मृती मानधनाची खेळी सरळ नापास ठरते, कारण तिने ३९ चेंडूंत ३१ धावा केल्या, म्हणजे तिचा स्ट्राइक रेट ८० लाही टेकला नाही. त्याच रात्री तिच्या नेतृत्वाखालील रॉयल चॅलेंजर्स बंगळुरू संघाने दिल्ली कॅपिटल्सला ८ गडी राखून हरवले आणि पुरुषांच्या संघाला १६ हंगाम खेळूनही जो मिळाला नव्हता तो करंडक महिलांच्या संघाने दुसऱ्याच हंगामात मिळवला. एकाच सामन्यातील या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा छोट्या क्रिकेटच्या रसिकापुढचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी संख्याशास्त्राच्या ग्रंथांकडेच जावे लागते असे नाही, कारण सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात गावोगावच्या टेनिस बॉल सामन्यांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाजवळ ते बऱ्याच अंशी तयार असते. कवठे महांकाळ हा मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा, पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी म्हणून ओळखला गेलेला तालुका. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी वर चढवून आणल्यावर येथील द्राक्षबागांना आधार मिळाला, आणि मार्च महिना हा द्राक्षांच्या काढणीचा आणि बेदाण्याच्या शेडवरील धांदलीचा महिना ठरला. महिला प्रीमियर लीगचे पहिले तीन हंगामही याच दिवसांच्या आसपास झाले, आणि गावच्या यात्रा, शिवजयंती किंवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस अशा निमित्ताने भरणाऱ्या टेनिस बॉल स्पर्धांचाही हाच हंगाम असतो. या स्पर्धांतील सामना बहुधा सहा किंवा आठ षटकांचा असतो, मैदान कापणी झालेल्या रानाचे किंवा शाळेच्या पटांगणाचे असते, आणि एका बाजूची सीमारेषा जवळ तर दुसऱ्या बाजूची लांब, असे चित्र सर्रास दिसते. अशा मैदानावर खेळणाऱ्या आणि पाहणाऱ्या माणसाला ३६ चेंडूंत ३० धावा हव्या असताना आडवी बॅट फिरवणारा फलंदाज आवडत नाही. ‘मॅच बघून खेळ’, ‘एकेरी काढ, स्ट्राइक दे’ असे ओरडे कडेने सुरू होतात, आणि फलंदाज तरीही उंच झेल देऊन परतला तर त्याने आधी मारलेल्या दोन षटकारांची आठवणही त्याच्या मदतीला येत नाही.

या निकोप नजरेला एक साधनही हाताशी असते, आणि ते म्हणजे मंडपात बसून स्कोअर लिहिणाऱ्याची वही. या वहीत प्रत्येक चेंडू दोनदा नोंदवला जातो, एकदा फलंदाजाच्या नावापुढील ओळीत आणि एकदा गोलंदाजाच्या षटकाच्या चौकटीत. धाव निघाली तर आकडा पडतो, निघाली नाही तर टिंब पडते, आणि गडी बाद झाला तर इंग्रजी डब्ल्यू हे अक्षर येते. षटकातल्या सहाही चेंडूंवर टिंबेच पडली तर ती रेघांनी जोडून इंग्रजी एम हे अक्षर काढतात, आणि ते निर्धाव षटक म्हणून मोजले जाते. फलंदाजाच्या ओळीतील टिंब आणि गोलंदाजाच्या चौकटीतील टिंब एकच चेंडू सांगत असले, तरी पहिले टिंब दोष म्हणून वाचले जाते आणि दुसरे गुण म्हणून, ही गोष्ट वही समोर असलेल्या माणसाला क्षणोक्षणी दिसते. वहीत डाव क्रमाने उलगडतो, त्यामुळे टिंबे कधी पडली, गडी बाद झाल्यानंतर पडली की समोरचा फलंदाज फटके मारत असताना पडली, हेही तिथे वाचता येते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र डाव संपल्यावर उरतो तो फक्त शेवटचा हिशेब, आणि त्यात हा क्रम पुसला गेलेला असतो.

दिल्लीतील त्या अंतिम सामन्याची वही डोळ्यांसमोर आणली, तर आधी दिल्ली कॅपिटल्सच्या डावाकडे पाहावे लागते. नाणेफेक जिंकून प्रथम फलंदाजी घेतलेल्या या संघाची सुरुवात घणाघाती झाली. पहिल्या सहा षटकांना पॉवरप्ले म्हणतात, आणि या षटकांत ३० यार्डांच्या वर्तुळाबाहेर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला केवळ दोन खेळाडू ठेवता येत असल्याने सलामीच्या फलंदाजांना मोकळ्या जागी उंच फटके मारण्याची संधी असते. शफाली वर्माने ती पुरेपूर साधली आणि ७ षटकांत दिल्लीच्या बिनबाद ६४ धावा झाल्या. याच गतीने डाव चालला असता तर धावसंख्या सहज १७० च्या पुढे गेली असती. आठवे षटक डावखुरी फिरकी गोलंदाज सोफी मॉलिन्यू हिच्या हाती देण्यात आले आणि तिने ४ चेंडूंत ३ गडी बाद केले. शफालीचा उंच फटका सीमेजवळ झेलला गेला, ती २७ चेंडूंत ४४ धावा करून परतली, आणि पाठोपाठ मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज व इंग्लंडची अ‍ॅलिस कॅप्सी या दोघीही भोपळा न फोडता त्रिफळाचीत झाल्या. बिनबाद ६४ वरून ३ बाद ६४ अशी अवस्था झालेल्या संघाचा श्वास नंतर सापडलाच नाही. श्रेयांका पाटीलच्या ऑफस्पिनने कर्णधार मेग लॅनिंगला पायचीत केले, लेगस्पिनर आशा शोभनाने मारिझान कॅप आणि जेस जोनासन यांना एकाच षटकात परत धाडले, आणि दिल्लीचा डाव १८.३ षटकांत ११३ धावांवर संपला. श्रेयांकाने २१ चेंडूंत १२ धावा देऊन ४ गडी, मॉलिन्यूने ४ षटकांत २० धावा देऊन ३ गडी आणि आशाने १४ धावा देऊन २ गडी बाद केले, म्हणजे दहापैकी नऊ गडी फिरकीने टिपले आणि उरलेला एक धावचीत झाला. सलामीची भागीदारी तुटल्यानंतर सगळ्या संघाने मिळून जेमतेम ४९ धावा केल्या होत्या.

हा सगळा तपशील लक्षात घेतल्याशिवाय स्मृतीच्या ३१ धावांकडे पाहताच येत नाही. बंगळुरूला १२० चेंडूंत ११४ धावा हव्या होत्या, म्हणजे षटकामागे ५.७; संपूर्ण संघाने १०० चेंडूंमागे ९५ धावांची गती राखली तरी सामना खिशात होता. खेळपट्टी फिरकीला साथ देत होती, आणि एका षटकात तीन गडी गेले की बिनबाद ६४ चेही काय होते, हे याच कर्णधाराने तासाभरापूर्वी मैदानावर उभे राहून पाहिले होते. दिल्लीकडून गोव्याची अनुभवी मध्यमगती गोलंदाज शिखा पांडे हिने चेंडू इतके टिच्चून टाकले की पहिल्या सहा षटकांत धावा अक्षरशः रांगत होत्या. या काळात स्मृतीने मोठ्या फटक्याचा मोह टाळला, सलामीची जोडीदार सोफी डिव्हाइनला हात मोकळे करण्यासाठी वेळ मिळू दिला, आणि डिव्हाइनने राधा यादवच्या एका षटकात तो वेळ भरून काढला. डिव्हाइन २७ चेंडूंत ३२ धावा करून बाद झाली तेव्हा फलकावर ४९ धावा होत्या. त्यानंतर एलिस पेरी आली, आणि पंधराव्या षटकात स्मृती बाद झाली तेव्हा बाकी राहिलेल्या धावा तिशीच्या घरात होत्या आणि आठ फलंदाज हाताशी होत्या. पेरीने ३७ चेंडूंत नाबाद ३५ आणि रिचा घोषने १४ चेंडूंत नाबाद १७ धावा करून, शेवटच्या षटकात रिचाच्या चौकाराने, ३ चेंडू राखून सामना संपवला.

सामना शेवटच्या षटकापर्यंत ताणला गेला हे खरे, आणि स्मृतीने आणखी दहा धावा त्याच चेंडूंत काढल्या असत्या तर तो आधी संपला असता, हा आक्षेपही चुकीचा म्हणता येत नाही. पण अंतिम सामन्यात ३ चेंडू राखून मिळालेल्या आणि ३० चेंडू राखून मिळालेल्या विजयाचे मोल सारखेच असते. साखळी सामन्यात तसे नसते, कारण तिथे गुणतक्त्यात बरोबरी झाली तर निव्वळ धावगती पाहतात, म्हणजे संघाने षटकामागे काढलेल्या धावांतून षटकामागे दिलेल्या धावा वजा करून येणारा आकडा, आणि त्यासाठी लवकर जिंकण्याला खरीच किंमत असते. तेव्हा स्मृतीची हीच खेळी फेब्रुवारीतल्या एखाद्या साखळी सामन्यात टीकेस पात्र ठरली असती आणि १७ मार्चला ती बरोबर होती. चेंडू तेवढेच, धावा तेवढ्याच, पण त्यांचा अर्थ सामन्याने ठरवला.

याच्या नेमकी उलटी बाजू त्या अंतिम सामन्याच्या पाच वर्षे आधीच्या एका सामन्यात दिसली होती. ६ फेब्रुवारी २०१९ रोजी वेलिंग्टन येथे न्यूझीलंडने २० षटकांत १५९ धावा केल्या, ज्यांत पुढे स्मृतीची सलामीची जोडीदार झालेल्या डिव्हाइनच्या ६२ धावा होत्या. उत्तरादाखल स्मृतीने २४ चेंडूंत अर्धशतक ठोकले, जे तोवरचे भारतीय महिलांचे टी-ट्वेंटीतील सर्वांत वेगवान आंतरराष्ट्रीय अर्धशतक होते, आणि ती ३४ चेंडूंत ५८ धावा करून बाद झाली; स्ट्राइक रेट १७० च्या वर. १ बाद १०२ अशा भक्कम स्थितीत असलेला भारतीय संघ त्यानंतर ३४ धावांत ९ गडी गमावून १३६ वर आटोपला आणि २३ धावांनी हरला. त्या दिवशी स्मृतीची खेळी वाईट होती असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये, कारण १६० धावांचा पाठलाग करताना सुरुवातीला जे हवे असते ते तिने दिले होते. पण त्या खेळीचा विक्रम म्हणून उल्लेख होतो आणि दिल्लीतील ३१ धावांची साधी नोंदही सहसा होत नाही, यात प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीचा कल स्पष्ट दिसतो. वेग लक्षात राहतो आणि संयम विसरला जातो.

कवठे महांकाळच्या शेतकऱ्याला हा फरक त्याच्या शेडवरच रोज दिसतो. साधारण चार किलो द्राक्षे वाळवली की एक किलो बेदाणा हाती लागतो, पण मण्यात साखर कमी भरलेली असेल तर तेवढ्याच वजनाच्या मालातून बेदाणा कमी उतरतो, त्यामुळे बागेतून किती टन माल निघाला यावर हंगामाची कमाई ठरत नाही, तर पाणी उडून गेल्यावर रॅकवर काय उरले यावर ती ठरते. धावांचेही असेच वाळवण करावे लागते: लक्ष्य किती होते, खेळपट्टी कशी होती, समोर कोण गोलंदाजी करत होते, हातात किती गडी होते, या सगळ्यातून आकडा गेल्यावर जे वजन उरते ते त्या खेळीचे खरे वजन.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या किरण नवगिरे हिच्या दोन खेळ्या या दृष्टीने एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. शाळा-महाविद्यालयाच्या वयात गोळाफेक आणि भालाफेक यांत रमलेली ही मुलगी क्रिकेटकडे उशिरा वळली, नागालँडकडून पाहुणी खेळाडू म्हणून खेळताना तिने २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ७६ चेंडूंत १६२ धावा केल्या, आणि ती भारतीय खेळाडूची टी-ट्वेंटीतील पहिली दीडशतकी खेळी ठरली. ५ मार्च २०२३ रोजी, महिला प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात, तिचा यूपी वॉरियर्स संघ गुजरात जायंट्सच्या १६९ धावांचा पाठलाग करत होता आणि किम गार्थच्या भेदक माऱ्यामुळे सुरुवातीलाच ३ बाद २० असा कोलमडला होता. किरणने ४३ चेंडूंत ५३ धावा करून डाव उभा ठेवला. त्यानंतर ग्रेस हॅरिसने २६ चेंडूंत नाबाद ५९ धावांची तुफानी खेळी करून शेवटच्या षटकात सामना फिरवला. लोकांच्या तोंडी दुसऱ्या दिवशी हॅरिसचे नाव होते, आणि तिचा तो हक्कच होता, परंतु २० धावांवर तीन गडी गेल्यानंतर किरणही लगेच परतली असती तर हॅरिसला पाठलाग करायला डावच उरला नसता.

दुसरी खेळी १७ ऑक्टोबर २०२५ ची, नागपूरची. वरिष्ठ महिला टी-ट्वेंटी स्पर्धेत महाराष्ट्राला पंजाबविरुद्ध १११ धावा हव्या होत्या, म्हणजे दिल्लीतील अंतिम सामन्यापेक्षा केवळ तीन कमी. किरणने ३४ चेंडूंत शतक झळकावले, जे महिलांच्या टी-ट्वेंटीतील सर्वांत वेगवान शतक ठरले. मोडला गेलेला ३६ चेंडूंचा विक्रम सोफी डिव्हाइनचाच होता. ती ३५ चेंडूंत १४ चौकार आणि ७ षटकारांसह १०६ धावा करून नाबाद राहिली आणि सामना ८ षटकांत संपला. लक्ष्य जवळपास सारखे, एका ठिकाणी ते गाठायला १९.३ षटके लागली आणि दुसऱ्या ठिकाणी ८, आणि तरीही दोन्ही ठिकाणी संघाचे काम पूर्ण झाले. यातली कोणती खेळी श्रेष्ठ, असा प्रश्न विचारणाऱ्याने दोन्ही सामन्यांतील गोलंदाजी आणि प्रसंगाचे दडपण यांचा विचार आधी करावा. अंतिम सामन्यात आंतरराष्ट्रीय गोलंदाज भरलेल्या दिल्लीपुढे खेळणे आणि राज्य संघांच्या स्पर्धेतील साखळी सामन्यात खेळणे यांत मोठे अंतर आहे, पण म्हणून ३४ चेंडूंतील शतक हलके ठरत नाही, कारण समोर कोणीही असो, सलग इतके चेंडू इतक्या अचूकपणे मारणे ही विरळाच साधणारी गोष्ट आहे. त्या सामन्यातील आणखी एक ओळ मात्र हमखास नजरेतून सुटते: दुसऱ्या टोकाला मुक्ता मगरे १० चेंडूंत ६ धावा करून नाबाद होती. स्ट्राइक रेट ६०. या १० चेंडूंची सगळी किंमत त्यांच्या कमी असण्यात आहे, कारण जिच्या बॅटमधून चेंडू सीमेपार जात आहेत तिलाच ते खेळायला मिळावेत याची काळजी दुसऱ्या टोकाने घेतली, आणि गावच्या मैदानावर ‘स्ट्राइक दे’ म्हणून ओरडणाऱ्याला जे हवे असते ते हेच.

फलंदाजाबाबत निदान चर्चा तरी होते. गोलंदाजाच्या वाट्याला तीही बेताचीच येते. वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला जास्तीत जास्त ४ षटके, म्हणजे २४ चेंडू टाकता येतात, आणि या २४ चेंडूंत धाव न देणाऱ्या चेंडूंची, म्हणजे डॉट बॉलची संख्या किती, यावर तिच्या कामगिरीचा मोठा भाग ठरतो. गडी मिळवून देणारा चेंडू पुष्कळदा त्याच्या आधीच्या दोन-तीन डॉट चेंडूंनी तयार केलेला असतो, कारण धावा अडल्या की फलंदाज जोखीम घेतो, आणि ही जोखीम कधीकधी दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाच्या षटकात घेतली जाते. त्यामुळे एकीने आवळायचे आणि दुसरीने गडी घ्यायचा, असे घडते आणि वहीत गडी दुसरीच्याच नावावर पडतो. २८ जून २०२५ रोजी नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर स्मृतीने इंग्लंडविरुद्ध ६२ चेंडूंत ११२ धावा केल्या, आणि कसोटी, एकदिवसीय व टी-ट्वेंटी या तिन्ही प्रकारांत आंतरराष्ट्रीय शतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. हरमनप्रीत कौर न खेळल्याने कर्णधारपदही त्या दिवशी तिच्याकडे होते. भारताच्या ५ बाद २१० धावांपैकी निम्म्याहून अधिक तिच्या एकटीच्या होत्या, त्यामुळे सगळा प्रकाश तिच्यावर पडला हे योग्यच झाले. पण त्याच सामन्यात आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत पदार्पण करणाऱ्या श्री चरणी या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १२ धावांत ४ गडी बाद केले होते, इंग्लंड ११३ धावांवर कोसळून ९७ धावांनी हरले होते, आणि हरलीन देओलने २३ चेंडूंत ४३ धावांची भर घालून शतकाला दुसऱ्या टोकाने गती दिली होती. सामन्याचे मोबाइलवर फिरणारे तुकडे पाहणाऱ्याला चरणीचे चेंडू क्वचितच दिसतात. तुकड्यांत मावतात ते षटकार.

गावाकडील रसिकाच्या नजरेवर आणखी एक पडदा येतो तो आपुलकीचा. स्मृती दोन वर्षांची असताना तिचे कुटुंब मुंबईहून सांगलीजवळच्या माधवनगरला आले. भाऊ क्रिकेट खेळत असल्याने तीही मैदानावर गेली, नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात निवडली गेली, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध १९ वर्षांखालील स्पर्धेत १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा करून एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी पहिली भारतीय महिला ठरली. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत झालेल्या महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात पहिले नाव तिचे पुकारले गेले आणि ३ कोटी ४० लाखांची बोली त्या दिवसातील सर्वांत मोठी ठरली. जिल्ह्याच्या पूर्व टोकापर्यंत ‘आपली पोरगी’ म्हणून तिच्याकडे पाहिले जाते, आणि हे प्रेम खरे आहे. परंतु त्या पहिल्या हंगामात तिला ८ सामन्यांत मिळून १४९ धावाच करता आल्या, संघ पहिले पाच सामने ओळीने हरला, तेव्हा याच आपलेपणाचे रूपांतर किती लवकर रागात होते हेही दिसून आले. बोलीची रक्कम तिच्या धावांनी भागून दाखवणारे हिशेब त्या दिवसांत फार झाले. आपल्या माणसाला जास्त माफ करणे आणि आपल्या माणसावरच जास्त चिडणे या दोन्ही सवयी खेळी पाहू देत नाहीत. बोलीची रक्कम लिलावगृहात ठरते आणि तिच्यात संघाची गरज, जाहिरातीतील नाव आणि कर्णधाराचा शोध हे सगळे मिसळलेले असते. तिचा एका सामन्यातील ३९ चेंडूंशी संबंध जोडणे अन्यायाचे आहे.

सांगलीच्या मातीला संयमी फलंदाजीचे वावडे असण्याचे तर काहीच कारण नाही, कारण विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी याच शहरात झाला. १९४८ मध्ये अ‍ॅडलेडच्या कसोटीत ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत शतके करणाऱ्या आणि १९५२ मध्ये मद्रासला भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणाऱ्या या कर्णधाराच्या काळात मर्यादित षटकांचे क्रिकेट नव्हते. तरी आज राज्य संघांची एकदिवसीय स्पर्धा त्यांच्याच नावाने खेळली जाते.

महिलांच्या खेळाबाबत रसिकाची जबाबदारी अधिकच वाढते, कारण या खेळाला पुरुषांच्या खेळाच्या मापाने मोजण्याची सवय अजून गेलेली नाही. पुरुषांच्या टी-ट्वेंटीत दोनशेच्या आसपासच्या धावसंख्या वारंवार दिसतात म्हणून ११४ चे लक्ष्य हास्यास्पद वाटावे, आणि ते गाठायला घेतलेला वेळ त्याहून हास्यास्पद वाटावा, अशी प्रतिक्रिया दिल्लीच्या सामन्यानंतरही उमटली. वास्तविक टी-ट्वेंटीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना महिलांनीच खेळला, ५ ऑगस्ट २००४ रोजी इंग्लंडमधील होव्ह येथे, इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्यात. पुरुषांचा पहिला सामना त्यानंतर सहा महिन्यांनी झाला. भारताच्या महिलाही आपला पहिला टी-ट्वेंटी सामना ऑगस्ट २००६ मध्ये डर्बीला खेळल्या, पुरुष संघ त्यानंतर चार महिन्यांनी, डिसेंबरमध्ये. या खेळाची चाल, त्यातले फिरकीचे महत्त्व, कमी धावसंख्येच्या सामन्यातील ताण, हे सगळे त्याच्याच नियमांनी समजून घ्यायला हवे, आणि ज्याने सहा षटकांच्या सामन्यात ३० धावांचा बचाव होताना पाहिला आहे त्याला ते अवघड जाऊ नये.

या प्रेक्षकवर्गात मुली आहेत, आणि त्यांची संख्या स्मृतीमुळे वाढली आहे. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा मात्र आजही जवळजवळ सगळ्या मुलग्यांच्याच असतात, मुलींच्या वाट्याला मैदानाची कड येते. टेनिस बॉलवर हात तयार होतो, नजर तयार होते, पण निवड चाचणीत समोर येतो तो लेदर बॉल, आणि त्याच्यासाठी पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, मॅटिंग टाकलेली किंवा सिमेंटची खेळपट्टी आणि रोज कोणीतरी चेंडू टाकणारा माणूस लागतो. माधवनगरच्या मुलीला हे सांगलीत मिळाले. कवठे महांकाळच्या मुलीला त्यासाठी मिरज-सांगलीची एसटी रोज गाठावी लागते, आणि सराव संपल्यावर परतीची गाडी मिळेल की नाही यावर घरातून परवानगी अवलंबून राहते. तालुक्याच्या ठिकाणी एक मॅटिंगची खेळपट्टी, संध्याकाळी तिथे थांबणारी एक प्रशिक्षक आणि यात्रेच्या स्पर्धेत मुलींसाठी चार संघांची का होईना पण एक फेरी, एवढ्याची तजवीज स्पर्धांच्या बक्षिसांवर दरवर्षी होणाऱ्या खर्चातून सहज होऊ शकते.